कुत्र्याला टोचलेली लस माणसाला वाचवते

रात्रीची गाडी गेली की मलकापूर स्टेशनबाहेरच्या रिक्षा पांगतात, हॉटेलांची शटर खाली येतात आणि रस्ता कुत्र्यांचा होतो. कुणी शिळी पोळी टाकतो, कुणी दगड भिरकावतो. एखाद्या लेकराला चावा बसला, की मात्र एकच मागणी होते : ‘ही कुत्री मारून टाका!’ लेकराच्या आईबापांचा संताप समजण्यासारखा आहे. पण कुत्री मारल्याने रेबीज जात नाही. तो जातो कुत्र्यांना लस टोचल्याने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो. आशिया व आफ्रिकेतील बळींपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. एकदा लक्षणे दिसू लागली, की रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. चाव्यानंतर वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

कुत्री मारण्याचा उपाय जुनाच आहे. मुंबईत सरकारी आदेशाने चाललेल्या कुत्रेमारीविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबई महापालिका दरवर्षी हजारो कुत्री मारत राहिली, तरी ती संपली नाहीत. कारण साधे आहे. उकिरडा तसाच राहिला, तर मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या वस्तीतली कुत्री येतात. कुत्रीचा गर्भकाळ अवघा दोन महिन्यांचा. त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून निघते. शिवाय आलेली कुत्री लस न टोचलेली असतात.

याउलट, दहापैकी सात कुत्र्यांना लस दिलेली असेल, तर विषाणूला पुढचा बळी मिळेनासा होतो आणि साखळी तुटते. गोव्याने हे करून दाखवले. २०१४ पासून तेथे ‘मिशन रेबीज’ आणि राज्य सरकारने मिळून गावोगावी कुत्र्यांना लसी टोचल्या. शाळांमध्ये मुलांना चाव्यापासून बचाव शिकवला आणि संशयित कुत्र्यांवर लक्ष ठेवले. कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. २०२१ मध्ये राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाले. हे सारे कुत्री न मारता झाले.

कायदाही याच दिशेचा आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. त्यानंतर कुत्रे पकडले त्याच भागात सोडायचे असते. शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके या ठिकाणांसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला. तेथील कुत्री निवारागृहात हलवायची आहेत. कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागाही मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठरवावी, असे नियम सांगतात. म्हणजे भूतदया आणि शिस्त या दोन्हींची सोय नियमांतच आहे.

मलकापूरसारख्या शहरात हे काम महानगरापेक्षा सोपे आहे. प्रभाग मोजके, गल्लीतले कुत्रे कोणते हे शेजाऱ्यांना ठाऊक आणि पशुवैद्यकांची पदव्युत्तर संस्था अकोल्यात. हॉटेल आणि मांसविक्रेत्यांचा कचरा रोज उचलला, तरी निम्मे काम होईल. नागरिकांनी नगरपरिषदेला विचारायचा प्रश्न ‘कुत्री कधी हटवणार?’ हा नाही. ‘आमच्या प्रभागातील किती कुत्र्यांना यंदा लस दिली?’ हा आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच असते, ती कुणालाही पाहता येते.

आणि चावा बसलाच तर? जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना, तेल काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. जखम खोल किंवा रक्ताळलेली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते, तेव्हा डॉक्टरांना आठवणीने विचारा. ‘आपल्या ओळखीचेच कुत्रे आहे’ म्हणून थांबू नका आणि ठरलेल्या तारखांपैकी एकही इंजेक्शन चुकवू नका.

स्टेशनबाहेरच्या त्या कुत्र्याला पोळी टाकणाऱ्याने आणि दगड उचलणाऱ्याने, दोघांनीही एकच मागणी करावी : त्याला लस टोचा. त्यात त्याचेही भले आहे आणि आपल्या लेकरांचेही.