सुईची वाट आधी जेलमध्ये

मुतखडा दोन सेंटिमीटरहून मोठा झाला की बहुतेक वेळा तो पाठीतून छिद्र पाडून काढावा लागतो. १९७६ साली स्वीडनमधल्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी ही पद्धत वैद्यकीय जगापुढे मांडली. डॉक्टर तिला पीसीएनएल म्हणतात. खडा फोडून तुकडे बाहेर काढण्याचं काम नजरेत भरतं, पण सर्जनची कसोटी त्याआधी, सुई घालतानाच लागते.

रुग्ण बहुधा पालथा झोपवलेला असतो. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर मूत्रपिंडाच्या आतले कप्पे औषध भरल्यामुळे काळे दिसतात आणि श्वासाबरोबर वर-खाली सरकतात. वरच्या अंगाला फुप्फुसाचं आवरण, शेजारी मोठं आतडं. हृदयातून निघालेल्या रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांतून सतत खेळत असतो, त्यामुळे जागा चुकली तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. सुई नेमक्या कप्प्याच्या टोकातून आत जायला हवी, कारण तिथे मोठ्या वाहिन्या कमी असतात. त्याच वाटेनं मग गाईडवायर, तिच्यावरून डायलेटर आणि शेवटी सुमारे एक सेंटिमीटर व्यासाची नळी जाते. म्हणजे सुईची वाट तिरकी गेली, तर पुढच्या प्रत्येक पायरीला तीच रुंद होत जाते.

हा हात बसवायचा कुठे? वर्षानुवर्षं नवे डॉक्टर तो वरिष्ठांच्या देखरेखीखाली, पण जिवंत माणसावरच बसवत आले.

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात मूत्ररोगतज्ज्ञ अहमद गाझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर वेगळा मार्ग काढला. २०१७ मध्ये त्यांचं पीसीएनएलच्या प्रतिकृतीवरचं काम प्रसिद्ध झालं. सीटी स्कॅनमधून मूत्रपिंड, आतले कप्पे आणि खडा संगणकावर वेगवेगळे रेखून काढायचे, त्यांवरून थ्रीडी प्रिंटरवर साचे बनवायचे आणि साच्यांत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं जेल ओतायचं. भरलेला साचा गोठवायचा, वितळू द्यायचा, पुन्हा गोठवायचा. दर फेरीला जेल आणखी घट्ट होतं. फेऱ्या मोजून दिल्या की एका भागाला मूत्रपिंडाचा लिबलिबीतपणा येतो, तर दुसऱ्याला स्नायूचा ताठरपणा. जेलमध्ये पाण्याचं प्रमाण मोठं असल्यानं सोनोग्राफीत ते शरीरासारखंच दिसतं. त्यामुळे सराव नेहमीच्याच यंत्रांवर, नेहमीच्याच सुयांनी करता येतो.

अशा प्रतिकृतीचा सर्वाधिक उपयोग स्टॅगहॉर्न खड्यांत आहे. हा खडा एकाच वेळी अनेक कप्प्यांत फांद्या पसरून बसतो. एका छिद्रातून तो सगळा निघेल की दुसरं पाडावं लागेल? बरगडीच्या वरून जावं, म्हणजे खड्यापर्यंत सरळ पोचता येईल पण छातीच्या पोकळीला धोका, की खालून? पडद्यावर स्कॅन फिरवून याचा अंदाज बांधता येतो. छिद्रातून घातलेली दुर्बीण एखाद्या कोपऱ्यात वळत नाही हे मात्र हातालाच कळतं. त्याच रुग्णाच्या मूत्रपिंडाची प्रतिकृती समोर असेल तर ते आदल्या दिवशी कळतं, आणि बेत बदलायला वेळ उरतो.

अर्थात, जेलचं रक्त गोठत नाही, त्याची जखम भरत नाही, आणि साचे करायला वेळ व पैसा लागतो. साध्या खड्यासाठी प्रत्येकाची अशी प्रतिकृती करण्याचं कारण नाही. शिकणाऱ्यांचं तसं नाही. त्यांना एकाच रुग्णाच्या साच्यातून हवी तेवढी मूत्रपिंडं ओतून देता येतात, आणि निदान पहिलं पंक्चर तरी त्यांनी तिथेच करावं.