उताराची सायकल घेताना ब्रेक बघा

१९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही पोरं जुन्या, जाडजूड सायकली घेऊन डोंगरावरून खाली शर्यती लावू लागली. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असायचा. तीनेक किलोमीटरच्या उतारात तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचलं की हब उघडून नवं ग्रीस भरणं आलंच.

आता डिस्क ब्रेक आले, पण उष्णता काही कुठे गेली नाही. म्हणून डाउनहिल सायकलीला २०० मिलिमीटरच्या आसपासची डिस्क असते. सस्पेन्शनही साधारण तेवढंच दबणारं. चढही चढायचा असेल तर १२० ते १५० मिलिमीटर सस्पेन्शनची ट्रेल सायकल पुरते. डाउनहिल सायकल चढावर निव्वळ ओझं. नुसत्या हौसेपायी घेऊ नये, असं माझं मत.

दुकानात सगळे गिअर मोजतात, ब्रेकमध्ये कोणतं तेल आहे हे फारसं कुणी विचारत नाही. काही ब्रेकमध्ये डॉट-४ नावाचा द्रव असतो, काहींत मिनरल ऑइल. डॉट-४ हवेतली ओल शोषतो. मानकानुसार ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस हवा. ओल धरलेल्याला १५५ अंशांचीही मुभा आहे! मग लांब उतारात द्रवाला उकळी फुटते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर थेट हँडलला टेकतो. मिनरल ऑइल ओल जवळजवळ शोषत नाही. मात्र एकाच्या जागी दुसरं कधीच घालू नका, सील खराब होतात. आणि साखळीवर स्प्रे मारताना डिस्क झाका. पॅडला तेल लागलं तर ते बहुधा बदलावेच लागतात.