कण्याचा संधिवात आणि फुप्फुसे

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचा दाहक संधिवात, बहुधा तरुण वयात कंबरदुखीने सुरू होतो. हे दुखणे पहाटे अधिक असते आणि विश्रांतीने नव्हे, तर हालचालीने कमी होते. बरगड्या मणक्यांना जिथे जोडलेल्या असतात ते सांधे आखडले की छाती पुरेशी फुलत नाही. तरीही श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधील स्नायूंचा पडदा, बराच भार उचलत असल्याने दम लागण्याची तक्रार उशिराच येते.

फुप्फुसांच्या वरच्या भागातील तंतुभवन, म्हणजे मऊ ऊतक व्रणासारखे घट्ट होणे, ही गुंतागुंत विरळ आहे; १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या २,०८० रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात फुप्फुसे व त्यांच्या आवरणाचे सर्व विकार मिळूनही सुमारे १.३ टक्के रुग्णांतच आढळले. मात्र एक्स-रेमध्ये हे चित्र क्षयासारखेच दिसते, आणि डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत, जिथे कुपोषण आणि मजुरीसाठीचे स्थलांतर क्षयाला वाव देतात, तिथे डॉक्टरांनी आधी क्षयाचा संशय घेणे योग्यच. चूक होते ती थुंकी न तपासता केवळ एक्स-रेवर विसंबण्यात. तंतुभवनातून पडलेल्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढली, तर खोकल्यातून रक्तही पडू शकते. याउलट, संधिवातावरील टीएनएफरोधक, म्हणजे दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला रोखणारी, औषधे शरीरात दबून राहिलेला क्षय जागा करू शकतात, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची चाचणी करावी लागते.

थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. तेव्हा कंबर आखडलेल्या रुग्णाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास त्याने तपासणी टाळू नये.