डॉक्टरांची फी आणि स्थगित झालेले नियम

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३च्या सुरुवातीला डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तणुकीचे नवे विनियम काढले. फी तपासणीआधी सांगा, शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाज द्या, औषधं जेनेरिक नावाने लिहा, असं त्यात होतं. बातम्या झळकल्या, मोबाइलवर फिरल्या, आणि हे नियम लागू झाले अशी पुष्कळांची समजूत झाली ती झालीच. प्रत्यक्षात २३ ऑगस्टला आयोगानेच त्यांना स्थगिती दिली. जेमतेम तीन आठवड्यांचं आयुष्य! जेनेरिकची सक्ती आणि औषध कंपन्यांच्या पैशांवर भरणाऱ्या परिषदांना जाण्यावरची बंदी, यावरून डॉक्टरांच्या संघटना खवळल्या होत्या. त्या गदारोळात फीच्या कलमाबद्दल कुणी फारसं बोललंच नाही.

मग आता कसलेच नियम नाहीत का? तसंही नाही. नव्या नियमांना स्थगिती देतानाच आयोगाने २००२चे विनियम पुन्हा लागू केले. ते जुन्या भारतीय वैद्यक परिषदेचे. ती परिषद जाऊन २०२० मध्ये आयोग आला, तरी तिचे विनियम टिकले. आणि ते नीट वाचले तर गंमत कळते: फी आणि इतर आकार दवाखान्यातल्या फलकावर स्पष्ट लावावेत, फी उपचाराआधी सांगावी, नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि तो प्रिस्क्रिप्शनवर, प्रमाणपत्रावर, इतकंच काय पैशांच्या पावतीवरही असावा, हे सगळं त्यात आहेच. नवा नियम येईपर्यंत फी विचारायचा आपल्याला हक्क नाही, असं समजून गप्प बसणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली भिंत एकदा बघावी.

‘नवं ते जास्त पारदर्शक’ हेही गृहीत धरू नये. रुग्णाने किंवा त्याच्या वतीने अधिकृत माणसाने वैद्यकीय कागदपत्रं मागितली, तर २००२च्या नियमाप्रमाणे ती ७२ तासांत द्यावी लागतात. २०२३च्या नियमांत ही मुदत पाच कामकाजाचे दिवस झाली होती. मधे रविवार आला, सण आला की आठवडा सहज जातो. तातडीच्या प्रसंगी त्याच दिवशी कागद देण्याचा प्रयत्न करावा, अशी पुस्ती होती. पण ‘प्रयत्न करावा’ या शब्दांवर भांडता येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय, विम्याचा दावा अडकलाय, रुग्णाला दुसरीकडे हलवायचंय, अशा वेळी ही मुदत फार महत्त्वाची असते. म्हणजे स्थगितीमुळे निदान या एका बाबतीत रुग्णाचा फायदाच झाला. आजही अर्ज लेखी द्यावा आणि तो मिळाल्याची सही घ्यावी. ७२ तास मोजायला तारीख तर हवी.

आयोग डॉक्टरांच्या फीवर कमाल मर्यादा घालतो, हा आणखी एक समज. खासगी डॉक्टरने तपासणीचे किती घ्यावेत, हे ना जुने नियम सांगतात ना नवे. दोन्हींचा रोख आकडा आधी कळावा एवढाच. उलट, ठरलेली फी न दिल्यास पुढचे उपचार नाकारायची मुभा २०२३च्या नियमांनी डॉक्टरला दिली होती. तो भाग व्हॉट्सॲपवर का फिरला नाही, कोण जाणे. आयोगाचं फीबद्दलचं जे अधिकारक्षेत्र आहे ते वेगळ्याच ठिकाणी, खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत. तिथल्या पन्नास टक्के जागांच्या शुल्काची मार्गदर्शक तत्त्वं तो ठरवतो.

कट प्रॅक्टिसबद्दल थोडक्यात. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं २००२च्या विनियमांनुसार गैरवर्तनच आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार केला होता. तो मसुदाच राहिला.

हॉस्पिटलच्या बिलाचं काय? इथे बहुतेकांची गल्लत होते. आयोग आणि राज्याची वैद्यक परिषद यांचा संबंध डॉक्टरच्या वर्तणुकीशी. खाटेचं भाडं, ऑपरेशन थिएटर, ऑक्सिजन यांचे दर हा नर्सिंग होम नोंदणीचा विषय. महाराष्ट्रात २०२१ मध्ये त्या नियमांत दुरुस्ती झाली, आणि पंधरा प्रकारच्या सेवांचे दरपत्रक व रुग्णहक्क सनद दर्शनी जागी लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक झालं. तिथेही दर किती हे रुग्णालयच ठरवतं. दरपत्रक नसेल तर तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, ग्रामीण भागात जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. त्यासाठी मुंबईतल्या राज्य वैद्यक परिषदेच्या दारात जाऊन उपयोग नाही.

परिषदेकडे तक्रार केली की पैसे परत मिळतात, असंही अनेकांना वाटतं. परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, त्याचं नाव नोंदवहीतून काही काळापुरतं किंवा कायमचं काढू शकते. भरपाईचा हुकूम तिच्या हातात नाही. त्यासाठी ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे.

आणि परिषदेचा निकाल पटला नाही तर वर अपील करता येतं, यात अर्धंच खरं आहे. परिषदेच्या निर्णयाने नाराज झालेल्या कुणालाही साठ दिवसांत दिल्लीतल्या भारतीय वैद्यक परिषदेकडे दाद मागता येईल, असं जुन्या विनियमांत आहे. आयोगाच्या २०१९च्या कायद्यातलं अपिलाचं कलम मात्र फक्त नोंदणीकृत डॉक्टरचं नाव घेतं; तक्रारदार रुग्णाचा त्यात उल्लेख नाही. विनियम कायद्याहून मोठे नसतात. तेव्हा फीचे नवे नियम पुन्हा आले, तर त्यांच्यासोबत या कलमात दुरुस्ती होते की नाही, हे आधी बघायला हवं.