तेलावरचं शुल्क आणि सोयाबीनचा भाव

14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क अधिभारासकट 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर गेलं. लातूर-नांदेडच्या सोयाबीनवाल्यांना वाटलं, आता भाव उसळणार. दिवाळीच्या सुमाराला हमीभाव होता 4,892 रुपये. बाजारातले सौदे त्याच्या कितीतरी खाली.

गैरसमज : बाहेरच्या तेलावर शुल्क वाढलं की सोयाबीन वाढतंच.
वस्तुस्थिती : क्विंटलभर सोयाबीन गाळलं की तेल निघतं जेमतेम 18 किलो. बाकी जवळपास सगळी पेंड. समजा, तेल किलोमागे 20 रुपयांनी चढलं, तर प्लांटवाल्याला 360 रुपये जास्त मिळाले. पेंड 5 रुपयांनी उतरली की 400 गेले. त्या हंगामात पेंडीला उठाव नव्हता. इथेनॉल कारखान्यांतला मक्या-तांदळाचा चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात स्वस्तात शिरला होता. भाव पेंडीनं पाडला, आणि बोलणी खाल्ली तेलानं.

गैरसमज : शेजारी देशांनी मिळून शुल्क काढलं की सगळ्यांचंच भलं.
वस्तुस्थिती : 2006 पासून दक्षिण आशियात ‘साफ्टा’ करार लागू आहे. त्यात आपसांतलं शुल्क उतरलं, पण बाहेरच्यांसाठी ज्याचा त्याचा दर वेगळाच राहिला. नेपाळात सोयाबीन फारसं पिकत नाही. तिथले कारखाने परदेशातून कच्चं तेल आणतात, शुद्ध करतात आणि शून्य शुल्कानं भारतात पाठवतात. 2024 च्या वाढीनंतर ही आवक फुगली. तिजोरीचं शुल्क बुडालं, इथल्या रिफायनऱ्यांचं काम गेलं. ग्राहकाच्या पिशवीवर मात्र तेवढी सूट दिसली नाही. मधला फरक मधल्यांनीच वाटून घेतला.

म्हणून अशा करारांना सरसकट शिव्या द्यायच्या का? नाही. मरे केम्प आणि हेन्री वान या अर्थशास्त्रज्ञांनी 1976 साली दाखवून दिलं, की काही देश एकत्र येऊन कुणाचंही नुकसान न करता फायदा मिळवू शकतात. मात्र बाहेरच्यांसाठी सगळ्यांचा दर एक हवा, तोही त्यांचा व्यापार घटणार नाही असा बेतलेला, आणि गटात ज्याचं नुकसान होईल त्याला नफ्यातून भरपाई हवी. साफ्टात सामाईक दर नाही.

गैरसमज : शुल्क कमी म्हणजे शेतकऱ्याचं मरण.
वस्तुस्थिती : सोयाबीन विकणारं घरही तेलाची पिशवी दुकानातूनच आणतं. खरा घोळ भरपाईचा आहे. शुल्क 5.5 टक्के होतं तेव्हाच्या, म्हणजे 2023 च्या खरिपासाठी सोयाबीन-कापसाला हेक्टरी 5,000 रुपये मिळाले, तेही दोन हेक्टरपर्यंतच. शुल्क ठरवलं दिल्लीनं. हे पैसे दिले राज्यानं.