खुडणे, तोडणे, वेचणे

परसातली भाजी आपल्या हाताने तोडून आणण्यात जे सुख आहे ते बाजारच्या भाजीत नाही, असे सगळेच सांगतात. ते का, असे विचारले तर ‘आपल्या कष्टाचे फळ’ एवढे म्हणून आपण थांबतो. पण कष्ट तर माती भुसभुशीत करण्यात, आळे बांधण्यात आणि रोज पाणी घालण्यात असतात. तोडायला दोन मिनिटेही लागत नाहीत. मग सगळा आनंद त्या दोन मिनिटांतच का येऊन बसतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला वनस्पतिशास्त्राइतकीच आपल्या मराठी भाषेची मदत झाली.

इंग्रजीत बहुतेक ठिकाणी एका ‘पिक’ या क्रियापदावर काम भागते. आपले तसे नाही. आपण हरभऱ्याची भाजी खुडतो, भेंडी तोडतो, पारिजातकाची फुले वेचतो, मुळा उपटतो, आंबे उतरवतो आणि चिंचा झोडपतो. ‘मी मुळा खुडला’ असे कोणी म्हणाले तर खेड्यातले पोरही हसेल. यातले प्रत्येक क्रियापद म्हणजे त्या त्या झाडाशी हाताने कसे वागावे याचा छोटासा धडाच आहे. परसबागेत ज्याचा हात हे धडे शिकला त्यालाच तोडण्याचे सुख मिळते, असे माझे मत आहे. त्यातले तीन-चार धडे येथे उलगडून पाहू.

पहिला धडा खुडण्याचा. खुडायचे ते दोन बोटांच्या नखांनी, आणि फक्त कोवळा शेंडा. मार्गशीर्षात आपल्याकडच्या बायका हरभऱ्याचे शेंडे खुडून ओटीत घेतात तेव्हा पानांवरच्या आंबेने बोटे चरचरतात. ही आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले. त्या भाजीची आंबूस चव तिथूनच येते. पण खरी गंमत पुढे आहे. झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे द्रव्य तयार होते. ते खाली झिरपत राहते आणि बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की तो धाक नाहीसा होतो, बाजूचे डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी अनेक फांद्या येतात. फांद्या वाढल्या की घाटेही वाढतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची जी रीत घरोघर आहे तिच्या मागेही असाच व्यवहार आहे. मंजिरीत बी धरले की तुळशीची पालवी मंदावते. मंजिऱ्या खुडत राहिल्या तर तुळस जास्त दिवस हिरवी राहते.

दुसरा धडा तोडण्याचा. भेंडी पेरल्यापासून साधारण दीड महिन्याने पहिल्या तोड्याला येते. फूल उमलल्यावर पाच-सहा दिवसांत फळ कोवळेपणी तोडावे लागते; दोन-चार दिवस जास्त गेले की त्यात रेषा धरतात आणि भेंडी निबर होते. म्हणून भेंडीचा तोडा एक दिवसाआड. नुसत्या चवीसाठी ही घाई नसते. झाडाची सगळी धडपड बी तयार करण्यासाठी चाललेली असते. एखादे फळ पक्व होऊ दिले तर पानांनी तयार केलेले अन्न त्या बियांकडे ओढले जाते आणि नवी फुले येणे कमी होते. फळ वेळेवर तोडले तर झाड पुन्हा फुलते, पुन्हा धरते. गवार, चवळी, काकडी, दोडका यांचाही हाच नेम आहे. झेंडूची सुकलेली फुले काढत राहिले तरीही नव्या कळ्या येत राहतात. घेतल्याने घटत नाही, उलट वाढते, असा हा व्यवहार बाजारात कुठे पाहायला मिळत नाही. तोडणाऱ्याला नकळत जे समाधान वाटते त्याचे एक मूळ इथे असावे.

तिसरा धडा वेचण्याचा. कापूस वेचतात आणि पारिजातकही वेचतात. दोन्हींत झाडाने आपण होऊन दिल्याशिवाय हात लावायचा नसतो. बोंड उकलल्यावरच कापूस वेचायचा, आणि तोही सकाळचे दव ओसरल्यावर. पारिजातक संध्याकाळी उमलतो आणि पहाटे गळतो. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये हा नियम रूढीने त्याच्यापुरता शिथिल केला आहे. फुलांच्या वेळा ज्याला कळल्या त्याला घड्याळाची फारशी गरज राहत नाही. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते. मोगऱ्याची टपोरी कळी ऊन उतरताना काढावी, म्हणजे ती रात्री गजऱ्यात उमलते. भेंडीचे पिवळे फूल सकाळी उमलते आणि संध्याकाळपर्यंत मिटते. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय शेवंती मनावर घेत नाही. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, झाडे झोपतात, असे आपण लहानपणी ऐकतो. चिंचेची पाने संध्याकाळी मिटलेली ज्याने पाहिली आहेत त्याला हे नुसते भाबडे बोलणे वाटणार नाही. शिवाय अंधारात विंचवाकाट्याचे भय असतेच.

फळांच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. आंबा, पपई, सीताफळ ही फळे झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. सीताफळाने ‘डोळे उघडले’, म्हणजे खवल्यांमधली जागा रुंदावून पिवळसर झाली, की ते उतरवून अढीत घालता येते. मोसंबी आणि लिंबू यांचे तसे नाही. मोसंबी झाडावर जेवढी गोड झाली तेवढीच. तोडल्यावर तिची गोडी वाढत नाही. म्हणून आपल्या जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी तिची उत्तम चव ज्याच्या दारात झाड आहे त्यालाच कळते, कारण तो व्यापाऱ्याची गाडी केव्हा येणार हे न पाहता फळाकडे पाहून तोडतो. तीही ओढून काढू नये. देठाचा तुकडा ठेवून कात्रीने कापावी, नाहीतर देठाशी जखम होऊन फळ सडते. वाटाण्याचे आणि मक्याच्या कणसाचेही असेच काही आहे. तोडल्या क्षणापासून त्यातल्या साखरेची पिठूळ स्टार्च होऊ लागते. पालेभाजीतले ‘क’ जीवनसत्त्वही उन्हात, हातगाडीवर झपाट्याने कमी होते. तेव्हा परसातल्या भाजीला चव अधिक असते ही केवळ मायेपोटी केलेली कल्पना नव्हे.

आता एका आक्षेपाचा विचार करायला हवा. ज्या जिल्ह्यात वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, आणि तोही वेळेवर येईल याचा भरवसा नाही, तिथे फुलझाडांना पाणी घालणे ही चैन नव्हे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७२ चा दुष्काळ आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला. २०१२-१३ चा डोळ्यांनी पाहिला. त्या वेळी जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि वर्षानुवर्षे लेकरांसारख्या जपलेल्या झाडांवर शेतकऱ्यांना कुऱ्हाड चालवावी लागली. ‘तोडणे’ हा शब्द त्या उन्हाळ्यात आम्ही निराळ्याच अर्थाने ऐकला.

पिण्याच्या पाण्याचा थेंबही झाडांना द्यायचा नाही, असे आमच्या आईने तेव्हा ठरवले होते. पालेभाज्यांचे वाफे तिने मोडले. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी कढीपत्त्याला आणि न्हाणीचे शेवग्याला अशी वाटणी झाली. मोगरा राखावा की नाही यावर घरात बोलणे झाले. शेवटी आईने तो आखूड छाटला, बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर घातला आणि भाजी धुतलेले तांब्याभर पाणी एक दिवसाआड त्याला दिले. पाचोळ्याने जमीन झाकली की ऊन थेट मातीला लागत नाही आणि ओल टिकते. वैशाखात त्याला कळ्या आल्या त्या इतक्या थोड्या, की गजरा होईना. आईने त्या पाण्याच्या माठात टाकल्या. टँकरच्या त्या मचूळ पाण्याला दोन दिवस मोगऱ्याचा वास होता आणि घरातले प्रत्येक माणूस तहान नसतानाही पेला घेऊन माठाशी जात होते. चैन कशाला म्हणावे आणि गरज कशाला, याचा हिशेब मला तेव्हापासून निराळा वाटू लागला. वापरलेल्या पाण्यावर जगते ती बाग कुणाच्या तोंडचे पाणी काढून घेत नाही. अळू, केळी, कर्दळ ही न्हाणीच्या पाण्यावर वाढतात. पालेभाजीला मात्र साबणाचे पाणी देऊ नये.

फुलाझाडांची आवड ही रिकामटेकड्यांची आवड असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण आठवावे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांसारख्या विरक्त पुरुषाने वृक्ष, वेली आणि फुले यांची नावे गुंफून एक ‘बाग प्रकरण’ रचले आहे. संसार सोडलेल्या माणसालाही बाग सोडवली नाही! आणि पंढरीच्या वाटेवर असूनही आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहणारे अरणचे सावता माळी तर आपल्या सर्वांच्याच परिचयाचे आहेत.

शेवटचा धडा न तोडण्याचा. जालना शहराचे नाव देशभर झाले ते बियाण्यांमुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ साली येथे महिको ही संस्था स्थापली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जाफराबाद, भोकरदन भागांत शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचे बीजोत्पादन चालते. आपल्या महाविद्यालयातल्या कित्येक मुलींच्या आया तिथे चिमट्याने कळीतले पुंकेसर काढतात आणि हाताने पराग लावतात. तोडलेली भेंडी एका वेळच्या जेवणापुरती असते. राखलेल्या भेंडीतून पुढच्या वर्षाची ओळ उभी राहते. जुन्या बायका चांगल्या जोमदार झाडावरच्या एका फळाला दोरा बांधून ठेवीत. ते फळ घरातल्या कोणी तोडायचे नाही, मग पाहुणा आलेला असो की भाजी कमी पडलेली असो. झाडावरच वाळून ते तडकू लागले की बी काढून राखेत घोळून ठेवायचे. मात्र असे बी गावरान किंवा सरळ वाणाचेच धरावे. संकरित वाणाच्या बियांतून पुढच्या पिढीत सारखे गुण उतरत नाहीत.

तेव्हा माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला असे सापडले. तोडण्याच्या त्या दोन मिनिटांत आपण कष्टांची मजुरी वसूल करीत नसतो. झाड कोणत्या अवस्थेत आहे, काय घ्यावे, कसे घ्यावे आणि काय राखावे हे आपल्या हाताला कळलेले असते, त्या कळण्याचा तो आनंद असतो. आणि म्हणूनच तो एकट्याने भोगवत नाही. विकत आणलेली पाव किलो भेंडी कोणी शेजारी देत नाही. परसातली ओंजळभर निघाली तरी त्यातली चार शेजारच्या काकूंकडे गेल्याशिवाय राहत नाहीत.

ज्यांना परस नाही अशा वसतिगृहातल्या मित्रांनी निराश होऊ नये. तळाला भोके पाडलेला एक पसरट डबा, दोन ओंजळी माती-शेणखत आणि मूठभर मेथीदाणे पुरेत. चार आठवड्यांत मेथी खुडायला येईल. खुडताना एक-दोन रोपे तेवढी राखा. त्यांना शेंगा कशा लागतात तेही पाहून ठेवा.