वॉरंट नसताना पोलीस घरात आले तर?

रात्री-अपरात्री वस्तीत पोलीस येतात, पेट्या-भांडी उलटीपालटी करतात. वॉरंट विचारले तर दमदाटी होते. म्हणून कायदा काय सांगतो, ते आम्ही इथे देत आहोत.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ नुसार (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६५) तातडीच्या वेळी वॉरंटशिवाय झडती घेता येते. मात्र तपासाला लागणारी वस्तू त्या जागी आहे आणि वॉरंट आणेपर्यंत फार उशीर होईल, असे मानायला सबळ कारण हवे. वस्तीचे नाव हे कारण नव्हे! कारण व शोधायची वस्तू अधिकाऱ्याने लिहून ठेवायची. त्याची प्रत ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे जाते. अर्ज केल्यास ती आपल्यालाही मोफत मिळते.

झडतीला परिसरातले किमान दोन पंच हवेत, चित्रीकरण हवे, घरच्या माणसाला हजर राहू द्यायला हवे. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, तीही मर्यादा राखून.

बंधू-भगिनींनो, पोलिसांना अडवू नका, तो गुन्हा ठरेल. शांतपणे कारण विचारा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. जप्त मालाची पंचांच्या सह्या असलेली यादी मागून घ्या आणि जपून ठेवा. कोर्टात तीच कामी येते.